कानातला आवाज घेऊन पारशिवनीकडे

मागच्या पावसाळ्यात तापातून उठले आणि डाव्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती थांबलीच नाही. नागपुरातल्या कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "सवय करून घ्या." सवय कसली होते! लग्नकार्याला जाणं सुटलं, शाळेत शिकवताना अर्ध्यात वाक्य हरवू लागलं, नोकरी सोडायचं मनात घोळू लागलं. अशात आत्याचा फोन आला.

"पारशिवनीकडं विहारात ध्यानाचं शिबिर हाय. पालीबी शिकवतात. येतं का माह्यासंग?"

आत्या सत्तरीची. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात बुद्धवंदना पाली भाषेतच. "आयुष्यभर म्हनत आली," ती म्हणाली, "आता मले अर्थ पायजे." मला अर्थबिर्थ नको होता, शांतता हवी होती. हो म्हटलं.

थंडीची सकाळ. स्टँडवर तर्री-पोहे खाऊन एसटीत बसलो. कामठी मागे पडली. कन्हानच्या पुलावर इतकं धुकं की खाली नदी असावी असं नुसतं वाटत होतं. आमडी फाट्यावरून डावीकडे वळलो आणि दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसू लागला, जणू धुकंच झाडांवर अडकून राहिलं होतं. पारशिवनीहून पुढे ऑटो मिळतो. जाणार असाल तर शाल, जाड चादर आणि सैल कपडे न्या. फोन गेल्या गेल्या जमा होतो. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत, निघताना मनाला येईल ते दान. दुपारी भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. त्यानंतर दिवसभर फक्त लिंबूपाणी. पुरतं, खरंच.

सकाळी मौन आणि ध्यान, दुपारी पाली. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा, एवढंच काम. पण त्या शांत दालनात माझी शिट्टी अशी वाढली की श्वास सापडेचना. शहरात निदान रहदारी तरी असते. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली आणि पायरीवर बसून रडू लागले.

आत्या शेजारी येऊन बसली. "काहून रडून राहिली वं?"

"इथे तर जास्तच ऐकू येतं, आत्या. मी घरी जाते."

"जाय ना. पन भन्तेले सांगून जाय."

भन्ते म्हणजे शिबिर घेणारे भिक्खू, पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही श्वासाकडे बघताय की आवाज गेला का ते बघताय?" त्यांनी विचारलं.

 मी पिशवी उचलून परत खोलीत नेऊन ठेवली.

त्या दुपारी मोहाच्या झाडाखाली त्यांनी समाधीची जुनी उपमा सांगितली. न्हाऊ घालणारा माणूस उटण्याच्या चूर्णात पाणी शिंपडत गोळा मळतो. ओल कणाकणात जाते, पण थेंबभरही बाहेर गळत नाही. एकाग्र झालेलं शरीर तसंच सुखानं भिजतं.

"कनिकच की ही," आत्या हळूच म्हणाली. भन्ते हसून म्हणाले, "कणीकच."

तिसऱ्या दिवशी पहाटे ध्यानाला बसले. शिट्टी होती. असू दे म्हटलं आणि श्वासाशी आले. लक्ष सुटलं, पुन्हा आले. मग केव्हातरी श्वास रेशमाच्या धाग्याइतका बारीक झाला. हात कुठे संपतात आणि मांडी कुठे सुरू होते ते कळेना. छातीतून एक गोड गारवा पसरत गेला, तळव्यांपर्यंत. शिट्टी थांबली नव्हती. शेतापल्याडच्या पिठाच्या गिरणीसारखी ती दूर कुठेतरी चालू होती आणि तिचं माझ्याशी काही भांडण नव्हतं. 'हेच ते!' असं मनात आलं, आणि सगळं फुटलं.

नंतर मी ते पुन्हा गाठायला धडपडले. नाही आलं. भन्ते म्हणाले, "बोलावून येत नाही. जागा झाडून ठेवा." शिबिर संपेपर्यंत मी जागाच झाडत राहिले.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली आत्या एकदम म्हणाली, "'समादियामि' म्हंजे मी आपल्या मनानं घेते. पंचशीलात म्हनतो ना आपन? मले वाटे, कोनी हुकूम देऊन राहिलं." मग पदराने डोळे पुसून ती बाहेर बघत राहिली. कापसावर ऊन आलं होतं. कामठी येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले. 

घरी पोचले तेव्हा नवरा चहा टाकत होता. त्याने वळून न बघताच, घाबरत घाबरत विचारलं, "गेला का आवाज?"

"नाही."

त्याने गॅस बंद केला. समोरची खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "कसा आहे गं तो? नेमका कसा येतो?"

इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तरी, आवाज नको म्हणून पळणारी मी काय सांगणार होते? मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच, त्याला सांगता यावं म्हणून, नीट ऐकू लागले.