पदरात गुंडाळलेले हात

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यार्थिनींच्या परीक्षेचं वेळापत्रक लावत होते. फोन ठेवला आणि सवयीनं कागद पुढे ओढला. गाडीची वेळ, रजेचा अर्ज, भाच्याला कळवणे... आणि खाली लिहिलं, 'बाकीचं वहिनींना विचारणे.' मानवत गावातल्या आमच्या घरातलं काहीही असो, मी आजवर ते वहिनींनाच विचारत आले होते. पेन्सिल तिथेच थांबली. त्याला आता दीड महिना झाला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर पाथरीजवळच्या खेड्यातलं. लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हाही याद्या करत होते. त्यांना याची फार गंमत वाटे. "वन्सं, श्वास घ्यायचं लिवलंय का न्हाई त्यात?" असं विचारून त्या पदराआड हसायच्या.

हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास मी मुंबईला व्यवसायोपचार शिकायला गेले. दुखण्यानं अडलेल्या माणसाला रोजच्या साध्या कामांतून पुन्हा स्वतःचं स्वतः करायला शिकवायचं, एवढंच त्या शिक्षणाचं सार. पण गावात ते सांगून पटत नसे. शेजारच्या गंगाकाकू म्हणाल्या होत्या, "डाक्टरीण न्हाई, नर्स बी न्हाई. मग होणार तरी कोण गं तू?"

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत घरी आले तेव्हा आईला अर्धांगवायूचा झटका येऊन काही महिने झाले होते. भिंतीला धरून ती चालत होती, पण उजवा हात छातीशी आखडलेला, बोटं मुठीत मिटलेली. हात हलवत राहा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. पण आईनं तो हलवायचा कधी? वहिनी तिला भरवत, तिची वेणी घालत. तहान लागली असं तिनं म्हणायच्या आत तांब्या तिच्या ओठाला लागलेला असे. सून असावी तर अशी, असं गल्लीभर बोललं जाई... आणि त्या सेवेत आईचा हात दिवसेंदिवस वाळत चालला होता.

मी मुंबईहून लाकडी ठोकळे आणि खुंट्या आणल्या होत्या. माझ्या समाधानासाठी आईनं त्या थोड्या इकडच्या तिकडे केल्या आणि मग बाजूला सारल्या. "हे पोरासोरांचं खेळणं ठिव तिकडं. मला माझ्या हातची भाकर खायची हाय."

मी चमकले. पीठ मळताना तळहातावर अंगाचा भार येतो, भाकरी थापताना मिटलेली बोटं उघडावीच लागतात. ठोकळ्यांतून जे साधायचं, ते सगळं आमच्या काटवटीत होतं. मी वहिनींना म्हटलं, "उद्यापासून आईला चुलीपुढे बसू द्या. तुम्ही हात लावायचा नाही. पीठ सांडलं तरी नाही, भाकरी मोडली तरी नाही."

"आत्याबाई असल्या हातानं भाकरी थापायल्यात अन् मी बसून बघू? वन्सं, तुमी जाताव मुंबईला. हितं तोंड मला दाखवायचंय."

"हात असाच राहिला तर जन्मभर भरवावं लागेल."

"भरवीन की. मला काय तकलीफ हाय?"

"तुम्हाला नाही. तिला आहे."

वहिनी आत गेल्या, पाट आणला आणि चुलीपुढे मांडला.

दुसऱ्या दिवशी आईनं डाव्या हातानं उजवा हात उचलून पिठावर ठेवला. तो घसरला. वहिनींचा हात झटकन पुढे आला. "वहिनी," मी म्हटलं. पुन्हा घसरला, पुन्हा त्यांचा हात आला. शेवटी त्यांनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळले आणि मांडीवर दाबून धरले. त्या दिवशी जी निघाली ती भाकरी नव्हती. "ढेकूळ झालंय बघ," म्हणत आईनं ती सगळी खाल्ली.

तेवढ्यात गंगाकाकू दारात. "अगं बाई! सासू चुलीपुढं अन् सूनबाई हात गुंडाळून! नणंदेनं मुंबईची हवा आणली वाटतं."

वहिनींचे डोळे भरले. हात मात्र पदराबाहेर आले नाहीत.

सुट्टी संपली, मी गेले. सांगून मी मोकळी झाले होते. पुढचं सगळं वहिनींना एकटीला करायचं होतं. आडावर बायका त्यांना ऐकवत. भाऊसुद्धा काही दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. यातलं एक अक्षर त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आईनंच पुढे सांगितलं.

दिवाळीला घरी आले. दारातच थापण्याचा आवाज ऐकू आला, एक थाप जोरात, एक हलकी. आत आई चुलीपुढे बसलेली. करंगळी अजून वाकडीच होती, पण तळहात उघडा, पिठानं पांढरा झालेला. शेजारी वहिनी, हात पदरात. आणि ताटली पुढे घेऊन चक्क गंगाकाकू! वहिनी त्यांना म्हणत होत्या, "घ्या काकू, लाजू नगा. आळशी सुनंच्या घरची भाकर लय गोड असती."

पुढे मी मुंबईत शिकवू लागले. नवी मुलगी पहिल्यांदा रुग्णापुढे बसते तेव्हा मी तिला आधी हात पदरात घ्यायला लावते. मदत करणं सगळ्यांनाच येतं. थांबायला शिकवावं लागतं.

या वर्षी वहिनींना शेवटचं भेटले तेव्हा त्यांचीच बोटं संधिवातानं वाकली होती. तरी चहा त्यांनीच केला. गाळताना पातेलं थरथरलं, माझा हात पुढे गेला. "वन्सं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पदर कुठंय तुमचा?" मी हात गुंडाळले. अर्धा चहा बशीत सांडला. मी आधी बशीतलाच प्यायले.

दिवस झाले, पाहुणे पांगले, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन बसले. तो पाट अजून भिंतीशी उभा आहे. मला आवरायला घ्यायचं होतं, कुठून सुरुवात करावी याची यादीही मनात केली होती... बराच वेळ गेला. मग लक्षात आलं, की माझे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले आहेत, आणि समोर कुणीच नाही.