हळदीची वाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मुरुमसारख्या गावात बायकोपासून काही लपतं का? हे लपलं.

आमच्या भावकीची वंशावळ मी जुळवली, म्हणून लोक माझं कौतुक करतात. खापरपणजोबा सिद्धाप्पा निजामाच्या अमदानीत कर्नाटकातून इथं आले, आडत दुकान टाकलं, दोन बायका केल्या. नीलाबाई लग्नाची, आमचं घर तिचं. गौराबाई उडकीची — म्हणजे विधवा, मागून घरात आणलेली. उडकीच्या घरातल्या बाईनं लग्नात हळदीच्या वाटीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. गौराबाईच्या घरातल्या काशीकाकूंनी ती जन्मभर पाळली.

विधवेनं पुन्हा संसार मांडला, यात लाज कसली? असं मी चारचौघांत ठणकावून सांगतो. सांगायला काय जातं!

दोघींची माहेरं शोधत मी सीमेपलीकडे गेलो. दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्यांनी एकच सांगितलं — लग्नाची गौराबाई. विधवा होती ती नीलाबाई. म्हणजे उडकीचे आम्ही. हे उलटं कुणी केलं? दुकान आमच्याकडे राहिलं, आणि बोलायचं तोंडही.

परत आलो तर काशीकाकू त्यांच्या दारातच बसलेल्या.

"गेला होतास न्हवं? आमच्या गौराबाईचं कायतरी कळलं का रं?"

माझ्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. घर मोठं, माणसं जुन्या वळणाची. मी म्हणालो, "काही कळलं नाही, काकू."

"ऱ्हाऊ दे. उन्हातनं आलास, ताक घे."

ते ताक मी प्यालो. त्याच रात्री भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वंशावळ टाकली. गौराबाईच्या नावापुढं 'उडकी' हा शब्द मी माझ्या बोटांनी लिहिला.

पण खरं सांगायचं ते हे नाही. ते पुढं आहे.

मुलीच्या हळदीला काकू नेहमीसारख्या खांबाआड उभ्या होत्या. आणि मी — मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, पुढं या. आता कोण मानतं हे?" त्या येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर म्हणालो.

"न्हाय बाबा. आमी उडकीचे. पोरीला नाट लागंल."

किती मोठ्या मनाचा माणूस, असं पाहुणे म्हणाले. मला ते आवडलं. खरं तर वाटीवर पहिला हात ज्यांचा, त्या लांबूनच माझ्या पोरीची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडत होत्या.

पुढं काकू वारल्या. त्यांना कळलंच नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याची हळद होती. काकूंची सून त्याच खांबाआड उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. या वेळी 'पुढं या' असंही मी म्हणालो नाही. पंगत बसली होती. मी जेवायला बसलो.