घर ऐकणाऱ्या मंदाताई

प्रिय ईरा आणि कबीर,

ईरा, तुझा परवाचा निरोप मी दोनदा वाचला. डॅनियलला नौदलाच्या ऑर्डर्स आल्या आहेत, महिन्याभरात दुसऱ्या तळावर हजर व्हायचं आहे, आणि तळाजवळ घर विकत घ्यायला तुमच्या हातात एकच आठवडा आहे. शेवटी तू लिहिलं आहेस, ‘आजी, दोहात तुम्ही घर कसं निवडायचात?’ खरं सांगायचं तर आम्ही निवडायचो नाही. मंदाताई निवडायच्या. तुम्ही दोघा भावंडांनी त्यांना पाहिलेलं नाही आणि आता पाहणं शक्य नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण मंदाताई इंग्रजीत मावत नाहीत. हळूहळू वाचा. अडलं तर आईला विचारा.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही दोहात घर बदलत होतो. ज्या भागाला आता ओल्ड एअरपोर्ट म्हणतात, तिथेच. तेव्हा तो ओल्ड नव्हता, दोहाला तेवढाच एक विमानतळ होता. आजोबांच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं, घर बघायला जाताना शिंदेबाईंना, म्हणजे मंदाताईंना, घेऊन जा. मी यादी करून गेले होते: पाण्याचा दाब, कपाटं, शाळेच्या बसचा आवाज, दुकानं किती लांब. ब्रोकर कुट्टीने दार उघडलं. शिंदेबाई आत आल्या, ठसठशीत कुंकू, नऊवारीची सवय असल्यासारखा पाचवारीचा पदर खोचलेला. काही न बघता त्या हॉलच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

“आता कुणी बोलू नका,” त्या म्हणाल्या.

कुट्टी थोडा वेळ उभा राहिला, मग चाव्या वाजवायला लागला. “मॅडम, यल्ला, फास्ट, अनदर पार्टी वेटिंग.”

“बैठो की जरा, भैया. घर भाग रहा है क्या?” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. कुट्टी मुकाट्याने खिडकीच्या कट्ट्यावर टेकला.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या, झोपायच्या खोलीच्या भिंतीला कान लावला आणि म्हणाल्या, “वैनी, ह्या भिंतीपल्याड पाण्याचा पंप हाय. साहेबांची झोप हलकी असंल तर नका घेऊ.” आम्ही ते घर घेतलं नाही. पुढच्या गल्लीतलं घेतलं, आणि त्यात नऊ वर्षं राहिलो.

त्यांचा अंदाज दर वेळी बरोबर यायचा असं मात्र नाही. नाशिकच्या एका जोडप्याला त्यांनी ‘एकदम शांत’ म्हणून एक व्हिला घ्यायला लावला. सुट्ट्या संपल्या आणि समोरच्या इमारतीत बालवाडी सुरू झाली. ती बाई तक्रार घेऊन आली तर मंदाताई हसत सुटल्या. “मी आले तवा ती पोरं आपापल्या घरी हुती की. मी ऐकू कुणाला?” त्या बाईला जेवायला वाढल्याशिवाय मात्र त्यांनी सोडलं नाही.

मंदाताई मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान भारतीय हवाई दलात विमानांच्या देखभालीवर होते, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि तेच काम कंत्राटावर करायला कतारच्या हवाई दलात आले. आम्ही त्यांना शिंदेभाऊ म्हणायचो. अतिशय कमी बोलणारा माणूस. मंदाताईंचा सगळा संसार ऑर्डरवर झालेला होता. तेजपूर, बिदर, आदमपूर, तांबरम, अशी गावं त्या माहेरच्या गल्ल्यांसारखी सांगायच्या. “ऑर्डर आली की दोन दिवस रडायचं, तिसऱ्या दिवशी ट्रंका काढायच्या,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दोहाच्या घरातही त्या काळ्या ट्रंका होत्या, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेल्या. त्यांवर गादी टाकून त्यांनी दिवाण केला होता. पडद्यांना खाली वीतभर दुमड घातलेली असायची. पुढच्या क्वार्टरच्या खिडक्या केवढ्या असतील कुणास ठाऊक, म्हणून उसवायला कापड ठेवलेलं. असे पडदे मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिले नाहीत.

इतकी घरं झाली, पण स्वतःचं एकही नव्हतं. शिंदेभाऊंची साताऱ्याची जागा भावांकडे राहिली होती. कतारमध्ये आपल्याला तेव्हा घर विकत घेता येत नव्हतं. त्यामुळे पहिलं आणि बहुधा शेवटचं घर पुण्यातच घ्यायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

ती वेळ दोन हजार तीनमध्ये आली. त्यांचा मुलगा अजित हवाई दलात लढाऊ विमानांचा पायलट होता. त्याला लोहगावच्या तळाच्या ऑर्डर्स आल्या. क्वार्टरची यादी लांब होती, वर्षभर तरी नंबर लागणार नव्हता, तोवर तळावरची एक तात्पुरती खोली. पदरात लहान मुलगा. अजितची बायको स्नेहल फोनवर म्हणाली, “आई, नाहीतरी तुम्ही घर घेणारच आहात. तळाजवळ घ्या. आत्ता आम्ही राहू, नंतर तुम्ही.” तिने धानोरीजवळ एक फ्लॅट पाहूनही ठेवला होता.

मंदाताईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना सिंहगड रस्त्याच्या बाजूला घर हवं होतं, म्हणजे तळापासून शहराचं पार दुसरं टोक. अजितने रोज तासभर गाडी चालवावी, हरकत नाही.

त्या काळी पुण्याचे बिल्डर दोहातल्या हॉटेलांत घरांची प्रदर्शनं भरवायचे. शुक्रवारी दुपारी सुट्टीच्या कपड्यांत सगळे मराठी लोक तिथे हजर. चहा फुकट, सामोसे फुकट, आणि टेबलावर स्पंजच्या झाडांमधली छोटी छोटी घरं. मंदाताई मला इंग्रजी माहितीपत्रकं वाचायला घेऊन गेल्या होत्या. धानोरीच्या टेबलापाशी टाय लावलेला एक पुण्याचा मुलगा उभा होता.

“बाळा, हितं विमानं कुठनं जातात ते दाखव,” मंदाताई म्हणाल्या.

“काकू, एअरपोर्ट फक्त दहा मिनिटांवर आहे.”

“ते न्हाई इचारलं. डोक्यावरनं कुठनं जातात?”

“काकू, खिडक्यांना डबल काच आहे.”

“म्हंजी जातात,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

परतताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मंदाताई, तुमचं इथलं घर तर धावपट्टीच्या कुंपणाला लागून आहे. तुम्ही विमानांच्या आवाजात भाकऱ्या थापता. मग सुनेला का नको?”

त्या आमच्या घरी आल्या, स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कोथिंबीर निवडता निवडता सांगू लागल्या.

“हितली विमानं मला ऐकू येतात, पण लागत न्हाईत, वैनी. त्यात माझं कोण न्हाई. आदमपूरला आमचं क्वार्टर असंच कुंपणाला लागून हुतं. मी कपडे वाळत घालत हुते. एक विमान उतरताना घसरलं आणि पलीकडं धूर निघाला. त्यातला पोरगा आदल्याच रविवारी आमच्याकडं जेवून गेला हुता. मटणाचा रस्सा मागून मागून खाल्ला त्यानं. विमान ह्यांनी तयार करून दिलं हुतं. चौकशी झाली, चूक कुणाचीच निघाली न्हाई. पण हे महिनाभर ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. तवापासनं मी घर कानानं बघते. पुढं मिळंल तिथं रनवेपासनं लांबचं क्वार्टर मागून घेतलं. स्नेहलला ते दिसाय नको. ती शाळामास्तरची लेक, तिला ह्यातलं काय ठावं?”

कोथिंबीर निवडून झाली होती तरी त्या काड्या मोडत राहिल्या.

पुढच्या शुक्रवारी निर्णय द्यायचा होता. धानोरीचा बिल्डर थांबायला तयार नव्हता. त्यांच्या घरच्या फोनवरून परदेशी बोलता येत नसे, म्हणून दोघं आमच्याकडे आले. शिंदेभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले. मी स्नेहलचा मोबाइल लावला आणि फोनचा स्पीकर सुरू केला. स्नेहल त्या वेळी त्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये होती, सासूबाईंनीच तसं सांगितलं होतं.

“फोन खिडकीभायेर धर,” मंदाताई म्हणाल्या, आणि आमच्या गालिच्यावर मांडी घालून त्यांनी डोळे मिटले.

दोहातल्या आमच्या हॉलमध्ये धानोरी ऐकू येऊ लागली. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. भंगारवाल्याची आरोळी. बांधकामावरची ठोकाठोक. मग लांबून एक घरघर आली, वाढत गेली, आणि इतकी मोठी झाली की आजोबा आतल्या खोलीतून उठून दारात आले. ती ओसरल्यावर मंदाताईंनी डोळे उघडले.

“ऐकलं मी. नगं ते घर, पोरी.”

“थांबा, आई. एक मिनिट बोलू नका,” स्नेहल म्हणाली.

आम्ही सगळे थांबलो. पुन्हा तीच घरघर आली, वाढली, गेली.

“हं. दुसरंही उतरलं. आता बोला.”

मंदाताईंचा चेहरा बदलला. “मोजतीस व्हय?”

“मोजते. सकाळी दोन गेली होती.”

“कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. आपोआप होतं.” ती थोडी थांबली. “आई, मला माहीत आहे तुम्ही का नको म्हणता. अजितने आदमपूरचं सांगितलंय. पण मी सिंहगड रोडला राहिले म्हणून व्हायचं ते टळणार आहे का? मला फक्त उशिरा कळेल, आणि दुसऱ्या कुणाकडून कळेल. रोज संध्याकाळपर्यंत गाडीच्या हॉर्नची वाट बघत बसू का मी? इथे मला दुपारीच कळतं, आला म्हणून. मग मी भाजी चिरायला घेते.”

तेवढ्यात शिंदेभाऊंनी पेपरची घडी घातली.

“मंदा,” ते म्हणाले, “त्या दिवशी तू कुंपणापाशी होतीस. तू सगळं बघितलं होतंस. म्हणून घरी आल्यावर मला तोंडानं काही सांगावं लागलं नाही. लांब राहत असतो तर सांगावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं.”

इतक्या वर्षांत शिंदेभाऊ एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. मंदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पलीकडे स्नेहल ‘हॅलो, आई? ऐकू येतंय का?’ विचारत होती आणि तिचा मुलगा रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवत पळत होता, त्याचे आवाज घुमत होते.

“ऐकू येतंय,” मंदाताई शेवटी म्हणाल्या. “घे ते घर. पण पोराची झोपायची खोली पलीकडच्या अंगाला कर. त्याला मोजायची सवय नगं लागाय.”

फोन ठेवल्यावर त्या उठल्या, गालिच्याची चुरगळलेली कड सारखी केली आणि मला म्हणाल्या, “वैनी, चहा टाका. खलास झालं एकदाचं.” त्यांच्या तोंडून अरबी शब्द निघाला की समजायचं, त्या विषयावर आता पुन्हा बोलायचं नाही.

घर झालं. गृहप्रवेशाला मंदाताई पुण्याला गेल्या आणि परत आल्यावर मला म्हणाल्या, “उंबरा ओलांडून आत गेले तर कळंना, कुणाच्या घरात आलोय. ह्यांना इचारलं, हे घर परत कुणाच्या ताब्यात द्यायचं? ते म्हणाले, कुणाच्याच न्हाई.” हे सांगताना त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या.

दोन वर्षांत अजितला पुढच्या ऑर्डर्स आल्या आणि स्नेहलने सामान बांधलं. शिंदेभाऊंचं कंत्राट आमच्या आधीच संपलं. दोहा सोडताना मंदाताईंनी मला एक पोतंभर ज्वारीचं पीठ दिलं आणि म्हणाल्या, “आता तुमचं घर तुम्हीच ऐका.” पुढे बारा-तेरा वर्षं त्या धानोरीला राहिल्या. मी भारतात आल्यावर दर खेपेला जात असे. बोलता बोलता वरून विमान गेलं की त्या वाक्य मध्येच सोडायच्या, आणि ते गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. तोवर अजित कितीतरी लांबच्या तळावर असायचा. मी एकदा विचारलं, “आता कुणासाठी?” तर म्हणाल्या, “कुणाचं तरी लेकरू असतंच की वर.”

सहा वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता त्या गेल्या. शिंदेभाऊ त्यानंतर वर्षभरच होते. अजित सेवेतून सुखरूप बाहेर पडला. त्याने आणि स्नेहलने नाशिकला, तिच्या माहेराजवळ घर केलं.

ईरा, कुठलं घर घ्यावं हे मी तुला इथून सांगणार नाही. कुंपणाजवळ राहायचं की लांब, हे डॅनियलनेही ठरवायचं नाही, ते तू ठरव. मंदाताईंच्या सासूने त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. मंदाताईंनी मात्र स्नेहलचं ऐकून घेतलं, आणि तेही स्वतःचं एवढं पाहिलेलं असताना. मला त्यांचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते याचं.

धानोरीचं घर विकलेलं नाही. बदलीवर आलेल्या आणि क्वार्टरची वाट बघत असलेल्या कुटुंबालाच ते द्यायचं, असं मंदाताईंनी सांगून ठेवलं होतं आणि स्नेहल ते पाळते आहे. सध्या तिथे ओडिशाचं एक जोडपं राहतं. त्यांना तीन महिन्यांची मुलगी आहे.

तुमची,
आजी