कोर्टात येणारा लेक

तिसगावातल्या माझ्या पुढच्या खोलीतला भाडेकरू दारू पिऊन शिव्या देतो. त्याला बाहेर काढायला मी पाथर्डीचा एक वकील धरला. तो घरमालकांचीच कामं घेतो. माणूस गोड, पण आपण खरं बोललो की त्याचा चेहरा दात दुखल्यासारखा होतो.

"आजी, शिव्यांना साक्षीदार लागतात," तो म्हणाला. "खोली तुमच्या पुण्याच्या मुलाला राहायला हवी, असं सांगू."

"तो दिवाळीला पन येत न्हाई!"

"कोर्टात येईल."

तारखेला तो माझ्या लेकाबद्दल इतक्या भरल्या गळ्याने बोलला, की भाडेकरूनेसुद्धा डोळे पुसले. मग न्यायाधीशांनी मला विचारलं, "आजी, मुलगा कधी येणार?"

"मला काय म्हाईत? वकीलसाहेबांनी बोलावलाय, त्यांनाच इचारा."

पुढची तारीख पडली. भाडेकरू हसत हसत माझ्याच खोलीकडे निघाला. वकील चिडेल असं मला वाटलं होतं, पण त्याने बाहेर चहा पाजला.

"घाबरू नका आजी. पुढच्या वेळी सून गरोदर आहे म्हणू."

"आरं बाबा, त्याचं लगीनच व्हायचंय अजून!"

"तारीख लांबची आहे," तो म्हणाला, "तोवर उरकू."