दिवा वाढवा

वहिदाचाची आमच्या सिनेमात आल्या, त्या केवळ त्यांच्याकडे कंदील होता म्हणून. नांदेडात आमच्या खोलीला लागूनच त्यांचं घर. ब्लाउज शिवतात; वीज गेली की कंदिलाच्या उजेडात शिवतात, आणि त्यांनी कापड बिघडवलं असं गल्लीत कुणी म्हणून दाखवावं! दिग्दर्शक सत्यम. तो विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे सिनेमे काढतो.

प्रसंग सोपा होता. म्हातारी एकटी बसलीय, दारावर थाप पडते, ती घाबरून कंदील विझवते. पहिल्यांदा काढला तेव्हा पडद्यावर नुसता काळोख आला. खापर माझ्यावर फुटलं, कारण उजेडाचं काम पुनमचं, म्हणजे माझं. म्हणून भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगून, दोन मोठे दिवे भाड्यानं आणून आम्ही चाचींच्याच घरात सगळं पुन्हा मांडलं.

चाची कंदील घेऊन बाजेशेजारी बसल्या. बाज त्यांच्या नवऱ्याची, जिलानीचाचांची; चाची त्यांना मुलाच्या नावानं आसिफचे अब्बा म्हणतात. चाचा एसटीत कंडक्टर होते, अहमदपूर-जळकोट गाडीवर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या बाजेवर चाची कुणाला टेकू देत नाहीत.

कॅमेऱ्यातून बघत सत्यम म्हणाला, "चाची, दिवा थोडा वाढवा."

चाचींनी वात खाली केली आणि फुंकर मारली.

सगळे हसले, मीही हसले. सत्यमनं समजावलं की उजेड जास्त करायचा होता. चाची म्हणाल्या, त्यांच्या घरच्या दखनी बोलीत दिवा विझव असं अशुभ कुणी तोंडातून काढत नाही. दुकान बंद करताना दुकान वाढवा म्हणतात ना, तसंच दिवा बढाव, म्हणजे वाढव, याचा अर्थ मालव. आम्हाला गंमत वाटली. काडेपेटी चाचींच्या हातात तशीच राहिली.

"आसिफचे अब्बा जाताना हेच म्हणले," त्या सावकाश बोलल्या. "दिवा वाढव. मी लगेच मालवला. अंधारात ते हातानं चाचपडून राहिले, मी हात धरून निजा म्हणले."

सत्यम घाईनं म्हणाला की त्यांना तेच हवं असेल. चाचींनी नाही अशी मान हलवली.

"घरात ते कधी मराठी बोलले न्हाईत. तेवढं शेवटचं मराठीत बोलले, गाडीत बोलायचे तसं. मराठीत वाढव म्हंजे जास्त कर, हाव ना?"

सत्यमनं आज राहू द्या म्हटलं, पण चाचींनी ऐकलं नाही. कंदील पेटवला आणि काढा म्हणाल्या.

दारावर थाप पडली. आता विझवायचा होता. चाचींनी वातीची चावी फिरवली, पण उलटी. वात वर चढत गेली, काचेला काजळी धरली, बाजेची दोरी न् दोरी दिसायला लागली. रिकाम्या बाजेकडे बघत त्या म्हणाल्या, "घ्या. वाढवला."

कॅमेरा चालूच होता, थांबवायचं कुणाला सुचलं नाही. बाजेवर काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे. दोन्ही मोठे दिवे मीच लावले होते. तरी घोंगड्या काढायला जाताना मी त्या बाजेला वळसा घालून गेले.