आर्डिसचा नियम आणि सहा गॅलन पेट्रोल

आर्डिस लुंडग्रेन आपली उंची पाच फूट सांगते. बूट घातले की ते खरं असतं. चॅलिस गावाच्या आसपासच्या खोऱ्यांत तिने आयुष्यभर टपाल वाटलं. रस्त्याकडेच्या टपालपेट्यांपर्यंत हात पोचावा म्हणून मुद्दाम उजवीकडे स्टिअरिंग असलेली जीप, डॅशबोर्डवर कुत्र्यांसाठी बिस्किटांचा डबा, आणि माणसांसाठी फक्त त्यांची पत्रं. “कुत्री निदान शेपटी तरी हलवतात,” असं तिचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर ती त्याच रस्त्यांवर मोटरसायकलने हिंडू लागली. का, असं विचारलं तर म्हणाली, “आता कुणाच्या दारात थांबावं लागत नाही.”

मी तिची शेजारीण. इथल्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याचं हसं होणार आहे.

दर सप्टेंबरात, शाळा सुरू झाल्या आणि सहलीवाली मंडळी आपापल्या गावी गेली, की आम्ही सात-आठ बायका आपापल्या मोटरसायकलींवरून जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी खिंडीमागून खिंड ओलांडत जातो. मागून आर्डिसचा नवरा ग्लेन ट्रकमध्ये पाणी, सूप आणि पंक्चरचं सामान घेऊन येतो. निघण्याआधी एक विधी असतो. बेव्हच्या कॅफेमागच्या खडीत प्रत्येकीने आपली गाडी आडवी करायची आणि एकटीने उभी करायची. पाठ सीटला टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि पायांच्या जोरावर उलटी पावलं टाकत उठायचं. उचलली तर चला. नाही उचलली तर ट्रकमध्ये बसा.

हा नियम आर्डिसचाच. एका वर्षी ओढ्यात पडलेली एकीची गाडी उचलताना दुसऱ्या दोघींच्या कंबरा गेल्या होत्या. तेव्हा आर्डिस म्हणाली, “जी आपल्याला उचलवत नाही ती आपली गाडी नव्हे. आपण तिच्यावरचं सामान.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा आमचे गुडघे चांगले होते.

गेल्या वर्षी खुद्द आर्डिसलाच गाडी उचलेना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गाडी जुनी आणि जड. तिने पुन्हा पुन्हा जोर लावला. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, “अगं, जाऊ दे ना, आम्ही आहोत की!” तिने हेल्मेट काढलं आणि ती ग्लेनशेजारी जाऊन बसली. सगळ्या प्रवासात तिने आम्हाला सूप वाढलं. ते इतकं कढत असायचं की माझी जीभ पोळली. मुद्दाम केलं असावं.

परत आल्यावर तिने ती गाडी विकली आणि मला बजावलं, “आता दुसरी घेणार. जुनीच, पण मला उचलता येईल अशी. आणि पुढच्या वर्षीही ट्रकमध्ये बसायची वेळ आली ना मॉर्ना, तर हेल्मेटमध्ये माती भरून जिरेनियमचं फुलझाड लावीन. मग मला कुणी बोलवायचं नाही.”

आर्डिस असलं काही उगाच बोलत नाही. सिगारेटबद्दलही तिने असंच एकदा सांगितलं होतं. त्यानंतर ओढली नाही.

पैसे होते ते जुनी गाडी विकून आलेले तेवढेच. घरातले पैसे छपरासाठी ठेवले होते, त्यांना ती हात लावणार नव्हती. अशा वेळी शहाण्या मैत्रिणीने गप्प बसावं. मी सल्लागार झाले.

आमच्याकडे हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जातात आणि मोटरसायकलवाल्यांना जाहिराती वाचायचा रोग जडतो. मला तो जरा जास्तच जडतो. खुर्चीत बसून मी आर्डिससाठी गाड्या पाहत होते आणि मनातल्या मनात अलास्कापर्यंत जाऊन येत होते. आर्डिसला अलास्काला जायचंच नव्हतं. ते मी तिला विचारलंही नव्हतं.

“मला लहानशी बघ,” ती म्हणायची.

“लहान गाडीवर लांबच्या प्रवासात हाडं खिळखिळी होतात.”

“हाडं माझी आहेत.”

“इंजिन मोठं हवं, टाकी मोठी हवी. एकदाच घ्यायचं, चांगलं घ्यायचं.”

“तुला हवी आहे का ही गाडी?”

“छे! माझ्याकडे आहे की.”

होतीच. मोठी, उंच, दोन सिलिंडरची. दुसऱ्या कुणाकडे लहान गाडी असलेली मला बघवत नव्हती, एवढंच.

शेवटी बॉइसी शहरात एक सापडली. मालक फेल्प्स नावाचे दंतवैद्य. बर्फ वितळल्यावर आम्ही दोघी माझ्या मोटारीने गेलो. त्यांचं गॅरेज इतकं स्वच्छ की जमिनीवर झोपवून कुणाचीही दाढ काढता आली असती. मधोमध ती गाडी. एक ओरखडा नाही. फेल्प्स आर्डिसएवढेच बुटके, म्हणून सीट कापून घेतलेली, सस्पेन्शन खाली केलेलं. अशी गाडी पुन्हा मिळणार नाही, हे मी आर्डिसच्या कानात सांगितलं. बहुधा त्यांनाही ऐकू गेलं.

टाकीवर अलास्काचं स्टिकर होतं. “तिथपर्यंत जाऊन आलात?” मी आदराने विचारलं.

“नाही मॅडम. स्टिकर ऑनलाइन मिळतं.”

“मग का विकताय?” आर्डिसने विचारलं.

“बायको म्हणते, ही तरी वापरा नाहीतर मला तरी गॅरेज वापरू द्या.”

किंमत आर्डिसच्या पैशांत जेमतेम बसत होती. आर्डिस म्हणाली, “आडवी करून बघू का?”

दंतवैद्यांनी छातीला हात लावला. दारात उभी असलेली त्यांची बायको आत गेली आणि आपली योगाची चटई घेऊन आली. तिच्यावर आम्ही गाडी बाळाला निजवावं तशी निजवली. आर्डिसने पाठ लावली, डोळे मिटले, तोंड टोमॅटोसारखं लाल झालं. पण गाडी उठली! दंतवैद्यांची बायको टाळ्या वाजवू लागली, मी पण वाजवल्या.

“टाकी रिकामी आहे हं,” फेल्प्स म्हणाले, “हिवाळ्यात मी पेट्रोल काढूनच ठेवतो.”

“उत्तम सवय!” मी त्यांना शाबासकी दिली.

लक्षात घ्या. मी उभा जन्म मुलांना घनता शिकवली. फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, आकारमान गुणिले घनता म्हणजे वस्तुमान. पण त्या गॅरेजमध्ये ते फळ्यावरच राहिलं.

गाडी घरी आली. आता तिला सजवायला मी पुढे सरसावले. पडली तर इंजिन फुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी गार्ड. दगड लागू नयेत म्हणून खालून जाड पत्रा. बाजूला ॲल्युमिनियमच्या पेट्या, हँडलला हातांसाठी ढाली. हे सगळं माझ्यातर्फे भेट. दोन संच घेतले तर दुसऱ्यावर सवलत होती, म्हणून तसेच मी माझ्या गाडीलाही बसवून घेतले. ग्लेन स्पॅनर हातात घेऊन म्हणाला, “हे सगळं पडण्यासाठीच आहे का?”

“पडलं तर नुकसान होऊ नये म्हणून आहे.”

“बरं,” तो म्हणाला. ग्लेनचं ‘बरं’ म्हणजे ‘तुमचं तुम्ही बघा’.

जुलैत आर्डिसने टाकी भरून आणली, पेट्यांत तंबू आणि हत्यारं भरली आणि घरापुढच्या खडीत गाडी आडवी केली. पाठ लावली, जोर लावला. गाडी थोडी हलली आणि पुन्हा निजली. दुसऱ्यांदा हललीही नाही. आर्डिस खाली बसली, हातावरची खडी झटकत माझ्याकडे बघत राहिली.

“टाकी किती मोठी आहे गं हिची?”

“सहा गॅलन.” मी उत्तर दिलं. आणि उत्तर देतादेता बेरीज झाली. नुसत्या पेट्रोलचेच सोळा-सतरा किलो, वर गार्ड, पत्रा, पेट्या, तंबू. पडल्यावर गाडी वाचावी म्हणून मी जे जे जोडलं होतं, त्या प्रत्येकाने ती पडल्यावर उचलणं जास्त अवघड केलं होतं.

“आर्डिस, पेट्या काढू. पत्रा काढू. पेट्रोल अर्धंच भर...”

“आणि खिंडीत काय करू, ढकलत नेऊ?”

“मग नियमाचं जरा...”

“पुढे बोलू नकोस.”

“चूक माझी आहे.”

“नाही. मी तुझं ऐकलं, ही माझी आहे. तुझी वेगळी आहे, ती तू सांभाळ.” ती उठली. “जिरेनियम लाल बरं दिसेल की गुलाबी?”

ती आत गेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी कामाला लागते. माझ्यापासून लोकांना धोका असतो तो तेव्हाच.

यावेळी मात्र मी खुर्चीतून जाहिराती बघितल्या नाहीत. चोमिन एचेव्हेरियाकडे गेले. चोमिन परदेशातून इथे येऊन वसलेल्या बास्क मेंढपाळांच्या घरातला. हातपाय आखूड, छाती पिंपासारखी. उन्हाळाभर डोंगरात मेंढ्यांमागे मोटरसायकल फिरवतो. मी आजवर त्याला खुर्चीतून सल्ले देणाऱ्यांपैकी, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकीच एक. तो उकिडवा बसून सॉसेज भाजत होता.

“चोमिन, लहान गाडी विकणारं कुणी माहीत आहे?”

“कुणासाठी?”

मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की सॉसेज विस्तवात पडलं. मग डोळे पुसून म्हणाला, “ती बुटकी केलेली मोठी गाडी... सीट मऊ आहे का गं?”

“लोण्यासारखी. का?”

“मला दर महिन्याला लांब एल्को गावी पत्ते खेळायला जायचं असतं. सगळा डांबरी रस्ता. आणि माझं बूड आता मेंढपाळाचं राहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी आर्डिस मोठी गाडी घेऊन आली. चोमिनने आपली गाडी दाखवली. एक सिलिंडर, टाकीला पोचे, सीटवर मेंढीचं कातडं, साखळीच्या झाकणात लोकर अडकलेली, आणि वास असा की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या जिभेवर सस्पेन्शनबद्दल एक वाक्य आलं होतं. ते मी गिळलं.

“आडवी करून बघू का?” आर्डिस म्हणाली.

चोमिनने बुटाने ढकलून दिली. धाडकन! “तिला सवय आहे पोरी.”

“थांब. आधी उभी कर,” आर्डिस म्हणाली. तिने त्याच्या शेतावरच्या पिंपातून टाकी काठोकाठ भरली. मोठ्या गाडीवरचा तंबू, हत्यारं, पाण्याच्या बाटल्या काढून मेंढीच्या कातड्यावर बांधल्या. मग माझ्याकडे वळली. “आणखी काही राहिलं का, मास्तरीणबाई? आत्ताच सांग.”

“काही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

गाडी आडवी झाली. आर्डिसने पाठ लावली. यावेळी डोळे मिटले नाहीत, चोमिनच्या कुत्र्याकडे बघत बघत ती उलटी चालली आणि गाडी तिच्याबरोबर उभी राहिली. पुन्हा आडवी केली, दुसऱ्या कुशीवर. पुन्हा उभी केली. तिसऱ्यांदा ती गरज नसताना केली. तिला मजा येऊ लागली होती.

चोमिनने आपली चावी तिच्या हातात दिली, तिची खिशात टाकली, आणि सौदा झाला. आम्हाला त्याने सॉसेज आणि पाव खायला घातला. माझे गार्ड, पत्रा, पेट्या त्याच्याकडेच राहिल्या. “पेट्यांत वाइनच्या बाटल्या छान बसतील,” तो म्हणाला.

सप्टेंबरात सगळ्या बेव्हच्या कॅफेमागे जमल्या. आर्डिसच्या गाडीचा वास तिच्या आधी पोचला. कुणी नाक दाबलं, कुणी ‘बॅऽऽ’ केलं. आर्डिसने कुणाकडे न बघता गाडी खडीत निजवली आणि उठवली. सगळं एका दमात. मग असा गलका झाला की कॅफेतली माणसं कप हातात घेऊन बाहेर आली. ग्लेन ट्रकला टेकून उभा होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. ग्लेनच्या मानाने हे भाषणच.

मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. ओरडत ओरडतच माझी गाडी आडवी केली. गेल्या वर्षी सहज उचलली होती, त्यामुळे मनात विचारसुद्धा नव्हता.

पाठ लावली. जोर लावला. काहीच झालं नाही.

कुशी बदलून पाहिली, हँडल वळवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. गाडी खडीत आरामात पडली होती. तिच्या दोन्ही बाजूंना चकचकीत गार्ड, खाली जाड पत्रा, बाजूला पेट्या, त्यांत माझी पुस्तकं. ओरखडाही येणार नव्हता. गार्ड खरंच उत्तम होते.

“टाकी भरली आहेस का गं?” आर्डिसने गोड आवाजात विचारलं.

“भरली आहे.”

“किती?”

“आर्डिस!”

“नाही, घनतेचं काहीतरी असतं ना. मला कळत नाही, मी टपालवाली.”

बाकीच्या म्हणाल्या, “अगं, जाऊ दे ना, आम्ही आहोत की!” अगदी गेल्या वर्षीच्याच सुरात. त्या सुराचा किती राग येतो, हे मला तेव्हा कळलं. मी आशेने आर्डिसकडे पाहिलं. तिने बनवलेला नियम, तिनेच सैल केला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

“सूप फार गरम करू नकोस,” ती म्हणाली, “जीभ पोळते.”

ग्लेनने मला ट्रकची चावी दिली आणि स्वतः शेजारी बसला. “दुसरा गिअर जरा अडतो,” एवढंच बोलला. सगळ्या रस्ताभर मी आर्डिसच्या चाकांची धूळ खाल्ली. तिसऱ्या वळणाला ग्लेनने काच वर केली. एवढ्या धुळीतूनही मेंढीचा वास येत होता.

खिंडीच्या चढावर मऊ मातीत आर्डिस पडली. अगदी आमच्या डोळ्यांदेखत, हळूच, झोप लागल्यासारखी. मी ट्रक थांबवला, कॉफीचा थर्मास तसाच हातात, धावत सुटले.

“हात लावू नकोस!” ती गाडीखालून पाय काढत ओरडली.

मी थांबले. तिने कातड्यावरची माती झटकली, पाठ लावली, आणि उलटी पावलं टाकत, दात विचकत, शिव्या घालत गाडी उभी केली. मग हँडलवर रेलून धापा टाकू लागली.

“बघतेस काय? कॉफी ओत.”

मी ओतली. एका गॅलन पेट्रोलपेक्षा एक गॅलन कॉफी जड भरते, हे मला तेव्हा अगदी अचूक आठवलं. बोलले मात्र नाही.