द्रौपदीमावशीचा पोपटी कोट

आमच्या सुगंधा अपार्टमेंटला सुगंध कधीच नव्हता, मागे नाला आहे. पण पंचवीस डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या अख्ख्या कात्रप भागात नसेल एवढी गर्दी आमच्या पार्किंगमध्ये होते. कारण एकच बाई. द्रौपदीमावशी, दुसरा मजला, उजवीकडचं दार.

मी किर्ती, तिच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहते. मला उगाच कुणाचं कौतुक करायची सवय नाही. मावशीचं तर अजिबातच नाही, का ते येईलच पुढे.

मावशीचं आयुष्य उल्हासनगरात जीन्स शिवण्यात गेलं. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायची आणि डबा घेऊन चालत कारखान्यात जायची. तिथे मशिनींच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच. त्यामुळे आजही ती खाली "मीठ संपलं" म्हणाली, की वर माझा नवरा वाटी घेऊन उठतो. हरिचंद्रभाऊ, म्हणजे तिचे मिस्टर, गेल्यावर मुलाने इथे फ्लॅट घेतला आणि तिला घेऊन आला. तिच्याबरोबर तिची शिलाई मशीन आली आणि एक सीडी आली.

त्या सीडीचीच सगळी भानगड. कारखान्याखाली कमलेश नावाच्या सिंध्याचं सीडीचं दुकान होतं. धंदा बसला तेव्हा त्याने उरलेला माल ओळखीपाळखीत वाटून टाकला. "ले जा द्रौपदी, ख्रिसमस की पिक्चर है, रोना आएगा," म्हणाला. पिक्चर इंग्रजी, जुनापुराणा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि खाली अक्षरंसुद्धा नाहीत.

पहिल्या वर्षी पंचवीस डिसेंबरला मावशी सकाळी पांढरी साडी नेसून मनुस्मृती दहन दिनाच्या कार्यक्रमाला जाऊन आली. संध्याकाळी बिल्डिंगच्या पोरांनी ख्रिसमस, ख्रिसमस करून तिचं डोकं खाल्लं. "चला, सकाळी आग झाली, आता बर्फ बघू," म्हणत तिने टीव्ही खाली आणवला. पिक्चर सुरू झाला आणि कुणाला ओ की ठो कळेना. तळमजल्यावरचे शंकरराव, वय ऐंशीच्या पुढे, वैतागून म्हणाले, "अगं द्रौपदे, हे बोलतायत काय?"

आणि या बाईने बेधडक सांगायला सुरुवात केली.

गावावर पांढरं पांढरं पडतंय. "बर्फ नाही ओ, एमआयडीसी आहे तिथे. केमिकलची भुकटी पडते." शंकररावांनी सगळी नोकरी अंबरनाथच्या केमिकल कंपनीत केलेली, त्यांनी लगेच मान डोलावली. हिरॉइनचं नाव विठा. सिगार ओढणारा तो जाडा तिचा चुलता, हिंदुराव. तो घराची जागा बिल्डरला द्यायला निघालाय, म्हणून विठा भांडून घर सोडून चाललीय. "आणि अंगातला कोट बघा. पोपटी आहे. आईने शिवलाय. खांद्याला एक चुणी नाही!"

काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये पोपटी! पण मावशी म्हणाली, आणि त्या दिवसापासून आम्हाला तो पोपटीच दिसतो. माझ्या लेकीने, प्रीतीने, साखरपुड्याला शालू घेताना दुकानदाराला सांगितलं, "विठाच्या कोटाचा कलर दाखवा." तो बिचारा तासभर आमची तोंडं बघत होता.

विठाच्या घरासमोर एक म्हातारी सारखी खिडकीत उभी असते. मावशी काय म्हणाली असेल? "ही किर्ती. हिला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते बघितल्याशिवाय जेवण जात नाही." सगळं पार्किंग माझ्याकडे वळून खो खो हसलं. नाव बदल म्हणून मी दुसऱ्या दिवशी भांडायला गेले, तर म्हणे, "आता ठरलं ते ठरलं गं." तेव्हापासून दर वर्षी माझा उद्धार होतो. मी दर वर्षी ठरवते, या खेपेला जायचं नाही. आणि दर वर्षी सगळ्यात पुढची चटई माझीच असते.

कारण शेवट. शेवटी विठा भुकटीने माखलेली दारात येऊन उभी राहते. आत सगळे जेवायला बसलेत. आई उठते. मावशीचा एवढा मोठा आवाज, पण इथे एकदम खाली येतो. "ये बाई, ताट वाढलंय." आता तर सगळं पार्किंग तिच्याबरोबर ते म्हणतं आणि मग जो तो नाक पुसतो.

यंदा आमच्या सेक्रेटरीला, प्रमोदला, अक्कल सुचली. त्याला कुठूनसा तोच पिक्चर मिळाला, पण रंगीत केलेला आणि हिंदीत डब केलेला. ग्रुपवर मेसेज टाकला, "इस बार असली स्टोरी!" आणि जिन्यात मावशीला म्हणाला, "यंदा तुम्ही आराम करा. मस्त बसून बघा."

मावशी "बरं" म्हणाली. मी शेजारी उभी होते, तरी मला नीट ऐकू आलं नाही. या बाईचं बोलणं ऐकू आलं नाही म्हणजे बघा.

प्रमोद गेल्यावर तिने माझा हात धरला. "किर्ते, पिक्चर मी सांगते तसा नसला तर?"

"नसला तर नसला."

"मग इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत बसले गं? माझ्याकडे कशाला येईल कोण आता?"

मी तिला तिच्या दारापर्यंत सोडून आले.

पंचवीसला मावशी सगळ्यात मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. पिक्चर सुरू झाला. विठा आली आणि पार्किंगमध्ये कुणीतरी किंचाळलं.

कोट तपकिरी होता. शेणासारखा.

"ए प्रमोद, कोट बदललाय!"

"अहो तोच आहे!"

मग तिला सगळे मार्गारेट म्हणायला लागले. मार्गारेट कोण, यावर पाच मिनिटं गेली. तोवर हिंदुराव आला आणि तिला जवळ घेऊन म्हणाला, "बेटी, यह घर तुम्हारा है." चुलता नाहीच तो, बाप निघाला! देवमाणूस! शंकरराव काठी घेऊन उभे राहिले. "ऐकू नको गं पोरी! सह्या घेईल तो!"

आणि खिडकीतली म्हातारी? ती तर सगळ्यांत चांगली निघाली. विठा घरी परत यावी म्हणून रोज खिडकीत दिवा लावून उभी राहते. पोरं ओरडली, "किर्तीकाकू चांगली आहे!" इतक्या वर्षांनी माझ्या नावावरचा डाग गेला. मी पेढे वाटायला हवे होते.

मी मागे बघितलं. मावशी पदराचं टोक बोटांत धरून त्याची शिवण बघत होती. मग उठली आणि गुपचूप जिन्याकडे निघाली.

माझं डोकं सणकलं. "प्रमोद, आवाज बंद कर!"

"किर्तीताई, आत्ता तर तुमचा रोल चांगला..."

"रोल गेला खड्ड्यात! आवाज बंद कर. आणि तो रंग घालव."

"रंग कसा घालवणार?"

"मला काय विचारतोस? तूच आणलास ना? सेटिंगमध्ये असेल!"

चार जण रिमोटवर तुटून पडले. एकदा भाषा चिनी झाली, एकदा टीव्हीच बंद पडला. शेवटी रंग शून्यावर आला. शेणाचा कोट राखाडी झाला, आणि सगळं पार्किंग हुश्श करून म्हणालं, "हां, आत्ता पोपटी दिसतोय."

मावशी पायरीवर थांबली होती. "अरे, मला इंग्रजी येत नाही रे. मी मनाचंच सांगत होते. खरं काय ते ऐकलंत ना आता?"

"ऐकलं," शंकरराव म्हणाले. "नाही आवडलं."

तरी ती हलेना. मग पुढच्या चटईवरून एक पोरगी हळूच म्हणाली, "ये बाई, ताट वाढलंय." मग तिची आई म्हणाली. मग प्रमोदसकट सगळेच म्हणाले.

मावशी आली. माझ्याच चटईवर, मला ढकलून बसली. प्रमोदने पिक्चर पहिल्यापासून लावला आणि तिने घसा खाकरला. "हे गाव. वरून पांढरं पडतंय ते..."

"भुकटी!" सगळे ओरडले.

पुढे खिडकी आली. सगळे आमच्या दोघींकडे बघायला लागले. मावशीने माझ्याकडे बघितलं.

"ही किर्ती," ती म्हणाली. "चुगलखोर."

पार्किंग खदाखदा हसलं. मावशी हसू ओसरेपर्यंत थांबली आणि मग तिचा आवाज खाली आला, शेवटाला येतो तसा. "पण हातातला दिवा बघा. तोंडाची फटकळ आहे. पण कुणी घरातून रुसून निघालं, तर ते परत येईपर्यंत हिला झोप लागायची नाही."

मी नाही हसले. माझ्या डोळ्यांत केमिकलची भुकटी गेली होती.